आताच तं घेतली

१

पुलगावात तेव्हा घड्याळाचं काही काम नव्हतं. मिलचा भोंगा झाला की माणसं पाळीवर निघायची, भोंगा झाला की जेवायला बसायची, आणि आमच्या घरात भोंग्यावर मामाजींच्या गोळ्या चालायच्या. सकाळच्या भोंग्याला लघवीची, दुपारच्या भोंग्याला हृदयाची, सांजच्याला ताकदीची. मामाजी म्हणजे माझे सासरे, नत्थूजी. मिलच्या लूमखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेली, त्यात कान गेले, आणि रिटायर झाल्यावर हृदयाच्या दुखण्यानं डोकं वर काढलं.

गोळ्यांचा सगळा कारभार माझ्याकडे. मी रुखमा, त्यांची एकुलती एक सून. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यांचा पितळी पानडब्बा तेवढा मागे राहिला होता. तो मी चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्यात गोळ्या ठेवायला लागले. सकाळी चूल पेटवायच्या आधी दिवसभराच्या गोळ्या कप्प्यांत टाकायच्या. चुन्याच्या कप्प्यात सकाळची, काताच्या कप्प्यात दुपारची, सुपारीच्या कप्प्यात सांजची. कप्पा रिकामा म्हणजे गोळी दिली, कप्प्यात गोळी म्हणजे द्यायची राहिली. यात चुकायला जागा कुठे आहे, तुम्हीच सांगा. मी सातवी पास आहे, पण नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यालाही हा हिशेब कळेल.

गोळी देण्याची मात्र आमची रीत होती. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकत नाही आणि त्यांच्याशी बोलतही नाही. मी पदर हनुवटीपर्यंत ओढून मधल्या खोलीत जायची. मामाजी खाटेवर असायचे. माझी चाहूल लागली की ते भिंतीकडे तोंड करायचे. मी स्टुलावर आधी गोळीची वाटी ठेवायची आणि मग पाण्याचा पेला जरा आदळून ठेवायची. कान गेलेल्या माणसालाही तो ठोका खाटेतून कळायचा. मग मी मागे फिरायची, ते वळून गोळी घ्यायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं.

म्हणून माया नव्हती असं कोणी समजू नये. बाजाराच्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर फुटाण्याची पुडी असायचीच. मामाजी ठेवायचे, खोकायचे आणि निघून जायचे. माझ्या बापानं लग्नानंतर कधी पोस्टकार्ड टाकलं नाही, पण या माणसानं एकही बाजार चुकवला नाही. ते दुखण्यानं खाटेला लागले तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की गोळ्यांच्या बाबतीत यांना काही कमी पडू द्यायचं नाही.

२

पोळा होऊन गेला होता. दुपारचा भोंगा झाला. मी काताच्या कप्प्यातली बारीक पांढरी गोळी वाटीत घेतली, पेला भरला आणि मधल्या खोलीत गेले. मामाजी भिंतीकडे वळले आणि तसेच म्हणाले, "आताच तं घेतली ना व, सूनबाई."

मी थबकले. बोलायची सोय नाही. पदराआडून स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर पाण्याचं गोल ओलं वळं होतं, पेला ठेवून उचलला की उमटतं तसं.

मी परत स्वयंपाकघरात आले. पानडब्बा पुन्हा उघडून पाहिला. गोळी तर माझ्या हातातल्या वाटीत आहे आणि कप्पा मी आत्ताच रिकामा केलाय. म्हणजे आधी दिलेली नाही. म्हातारं माणूस, सकाळच्या गोळीची आठवण दुपारी आली असेल. स्टुलावरचं ओलं वळं त्या सकाळचंच असेल. भादव्यातली दमट हवा, लवकर कुठे वाळतं. मी परत गेले, वाटी ठेवली आणि पेला जरा जास्तच आदळला.

मामाजींनी मुकाट्यानं गोळी घेतली. सुनेनं दिली म्हणजे घ्यायचीच असेल, डॉक्टरनं वाढवली असेल, असं त्यांनी धरलं. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, कोण जाणे. आमच्यात विचारणं आणि सांगणं नव्हतंच.

पुढच्या दिवशी तेच. "घेतली ना व बाई." नंतर एकदोन दिवस काही नाही. मग पुन्हा तेच. दर वेळी मी कप्प्याकडे पाहायची. कप्पा म्हणायचा, दिली नाही. आणि मी पेला आदळायची.

३

आधी जेवण तुटलं. ज्या माणसाला ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिसला की धीर निघत नाही, तो घास फिरवत बसू लागला. मग उलट्या सुरू झाल्या. एके संध्याकाळी ते माझ्या मालकांना, म्हणजे त्यांच्या मुलाला, ओमप्रकाशला म्हणाले, "सूनबाई रोज पिवयं लुगडं काऊन नेसते रे? घरात काई कार्य हाय का?"

हे हसले. माझ्याकडे पिवळं लुगडं नव्हतंच. त्या दिवशी मी हिरवं नेसले होते. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. मोतीलाल डॉक्टर घरी आले, मामाजींचं मनगट धरून बराच वेळ उभे राहिले. मग आम्हाला दोघांना बाहेरच्या खोलीत घेतलं.

"हृदयाची गोळी डबल चालली आहे," ते म्हणाले. "जेवण जात नाही, उलटी होते, पिवळं दिसतं, नाडी मंद पडली. सब उसी का है. ही गोळी मोजूनच द्यायची असते बाई. जरा जास्त झाली तर हृदय चालता चालता थांबून जातं."

"म्या एकच देतो जी," मी पदराआडून म्हणाले. "दुपारच्याले. कप्पा पाहून."

"मग दुसरी कोण देतं?"

घरात दुपारी दुसरं कोणी नसतं. हे पहिल्या पाळीला, आमच्या दोन्ही पोरी शाळेत. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती नजर मला अजून सलते. त्यात राग नव्हता, संशयही नव्हता. माझी कीव होती. काम फार झालंय हिला, विसरायला लागली, असं त्यांना वाटत होतं.

गोळी काही दिवस बंद. नाडी सुधारली की पुन्हा सुरू. जाताना डॉक्टरांनी ह्यांना हळूच सांगितलं की गोळी जास्त झाली की म्हाताऱ्या माणसाला भासही होतात, घरात नसलेली माणसं दिसतात. मला ते ऐकू आलं आणि बरं वाटलं. म्हणजे माझं काही चुकत नव्हतं, त्यांना नुसतं वाटत होतं की गोळी घेतली. हे मनात पक्कं बसवून मी भाकरी थापायला बसले. दुसरी भाकर तव्यावर टाकताना लक्षात आलं की भास व्हायला आधी गोळी जास्त जावी लागते. पहिल्या दिवशी, पोळ्यानंतरच्या त्या दुपारी, गोळी कुठे जास्त झाली होती?

ती भाकर करपली.

४

नाडी सुधारली आणि गोळी पुन्हा सुरू झाली. आता मी पानडब्बा लोखंडी पेटीत ठेवत होते आणि किल्ली कमरेला. गोळ्यांची बाटलीही तिथेच. कोणी हात लावायची सोय नाही.

त्याच सुमाराला माझी मोठी नणंद अनुसयाबाई रोहण्याहून बापाला भेटायला आली. लेक म्हणून तिला पदराची सक्ती नाही, बापाच्या कानाशी तोंड नेऊन ती पिकाच्या, बैलांच्या गोष्टी ओरडून सांगायची. मला आधार वाटला. घरात आणखी दोन डोळे झाले.

दुपारी नळाला पाणी आलं म्हणून मी घागर घेऊन कोपऱ्यावर गेले. नळावर ही गर्दी. माझा नंबर येण्याआधीच भोंगा झाला. मी घागर तिथेच सोडून लगबगीनं घरी आले. अनुसयाबाई बाहेरच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती.

"गोयी द्याची राह्यली," मी म्हणाले आणि पेटीकडे निघाले.

"आता किती वेळा देशीन व?" ती म्हणाली. "देल्ली ना आताच."

"मी नळावर होतो न बाई."

तिनं सूप खाली ठेवलं. "माह्या डोयानं पाह्यलं रुखमे. सैपाकघरातून आली, पदर हनुवटीलोक, हेच हिरवं लुगडं. वाटी ठेवली, पेला ठेवला अन् गेली. म्या हाक मारली तं वळूनही पाह्यलं नाई. म्हटलं, घाईत असंन."

मी पेटी उघडली. काताच्या कप्प्यात गोळी जशीच्या तशी होती. तिच्यासमोर धरली. ती कधी गोळीकडे पाही, कधी माझ्याकडे. मग तिनं हळूच माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

ती गोळी मी त्या दिवशी दिली नाही. रात्री दोघं बहीणभाऊ बाहेर ओट्यावर बसून बोलले, माझं नाव आलं की आवाज खाली. अनुसयाबाईनं मला एवढंच सांगितलं, "काई दिवस माहेरी जाऊन ये. मी राह्यतो बाच्याजवळ." चांगल्या मनानं म्हणाली. पण मला कळलं की आता या घरात मामाजींना काही झालं तर सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, कोणी केलं ते. लोकांच्या बोलण्याची पर्वा मी कधी केली नाही. पण हा माणूस माझ्या हातानं मेला असं घडलं तर ते मला सोसणार नव्हतं. मी माहेरी गेले नाही.

५

अनुसयाबाई परत गेली, घरी गुरंढोरं होती. जाताना चारदा बजावून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पुढचं दार आतून कडी लावून बंद केलं. मागचं दारही. भोंग्याला अवकाश होता. स्वयंपाकघरात विळीवर वांगी चिरत बसले, कान मधल्या खोलीकडे. दोन्ही खोल्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. घर इतकं शांत होतं की वांगं चिरताना बियांचा आवाज येत होता.

भोंगा झाला. तो संपता संपता मधल्या खोलीतून आवाज आला, आधी वाटीचा बारीक, मग पेल्याचा ठोका.

तो माझा ठोका होता. पेला आदळायची माझी एक ढब आहे. आधी कड टेकते आणि मग बूड. ते खाटेला लागल्यापासून तो आवाज मी रोज ऐकला होता, पण दुसऱ्या खोलीतून आज पहिल्यांदा ऐकत होते.

मी उठले. पडदा बाजूला केला. बाहेरच्या खोलीत जाणाऱ्या दारातून हिरव्या लुगड्याचा घोळ पलीकडे ओढला जात होता, कोणी चालत गेल्यावर जातो तसा, सावकाश. टाच दिसली. टाचेला भेगा होत्या. माझ्याही टाचेला आहेत, अख्ख्या गल्लीतल्या बायकांच्या टाचांना आहेत, मी काय सांगू.

मामाजी भिंतीकडून वळले, वाटीतून काहीतरी उचललं, तोंडात टाकलं आणि पाणी प्याले. बोलायचं नाही ही सवय अशी हाडात मुरलेली की जीव जाईल पण आवाज निघणार नाही.

मग धावत बाहेरच्या खोलीत गेले. कोणी नाही. पुढच्या दाराची कडी मी लावली होती तशीच. खोलीत चूल विझल्यावर येतो तसा राखेचा वास होता, आणि आमची चूल तर स्वयंपाकघरात पेटलेली.

स्टुलापाशी परत आले. पेला आमचाच. वाटी आमचीच. या दोन्ही वस्तू मी घासून फडताळात पालथ्या घातल्या होत्या.

६

त्या संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे चांगले आहेत, चिडले नाहीत. पण मुलीला समजवावं तसं समजवायला लागले. मी म्हटलं, "तुमी मले येडी म्हना, चालते. पन एक गोष्ट करू द्या. उद्यापासून मी मामाजीसमोर तोंड उघडं टाकीन."

हे चपापले. गल्लीत कळलं तर काय, असं म्हणता म्हणता थांबले. मग म्हणाले, "बाचा जीव हाय. टाक."

सकाळी मी आंघोळ केली, कुंकू लावलं आणि मधल्या खोलीत गेले. मामाजी भिंतीकडे वळले. मी खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले, तिथे चिंचोळी जागा होती, तिथे बसले आणि पदर मागे टाकला. नवरीपणी ह्यांच्यासमोर पहिल्यांदा पदर काढला तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

मामाजींनी डोळे मिटून घेतले. मग उघडले. बराच वेळ पाहत राहिले.

"अशी हायेस होय तू," ते म्हणाले. आणि रडायला लागले. मीही रडले. लाजायचं काय त्यात.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडणार होते, तर त्यांनी हात वर केला. "वरडू नोको. नुसते ओठ हालव. लूमखात्यात कोनाले काय आयकू येते? आमी समदे ओठावरूनच बोलत होतो."

मग मी आवाज न काढता बोलले आणि त्यांना सगळं कळलं. चौदा वर्षांत पहिलं बोलणं, तेही बिनआवाजाचं. मी त्यांना सांगितलं, "मामाजी, आतापासून जी तोंड दाखवीन, तिच्याच हातची गोयी घ्या. पदरवालीची घेऊ नोका. काई झालं तरी."

"म्हंजे ते तू नोहतीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ते घाबरले नाहीत. विचारात पडल्यासारखे झाले आणि म्हणाले, "तरीच तिच्या पान्याले चव नाई."

पुढचे दिवस सुखाचे गेले. मी रोज आधी त्यांचं मनगट धरायची, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी नाडी पाहायची, नाडी ठीक असेल तरच दुपारी स्वतःच्या हातानं गोळी तोंडात द्यायची. भाकर जायला लागली. पिवळं दिसायचं थांबलं. दुपारी पोरी येईपर्यंत आम्ही बिनआवाजाच्या गप्पा मारायचो. ते मला मागांच्या गोष्टी सांगायचे, कोण कोणाला ओठांवरून शिव्या द्यायचा आणि साहेबाला पत्ता लागायचा नाही. मी हसायची. ते म्हणायचे, "हसलीस का तुया गालाले खळी पडते, हे मले आता समजलं." मला वाटलं, आपण जिंकलो. घरात जे काही होतं, ते गेलं.

७

मग एका दुपारी मी गोळी घेऊन गेले तर ते म्हणाले, "आताच तं घेतली."

ओठांनीच विचारलं, "कोनाच्या हातची? पदरवालीच्या?"

"नाई व. तुयाच. तोंड दाखवूनच देल्ली ना तुनं." ते हसले. "खळी पडली होती."

मी गोळी मुठीत घट्ट धरली. नाडी पाहिली. मंद होती.

हे पाळीवरून येताच त्यांना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांचा निरोप आला, गोळी ताबडतोब बंद, एकही द्यायची नाही, नाडी आणखी उतरली तर बैलगाडी, रिक्षा, मिळेल ते करून वर्ध्याला हलवा. गोळी म्हणून गोळी आता या घरात मी ठेवलीच नाही. बाटली ह्यांच्यासोबत डॉक्टरांकडे परत पाठवली. पानडब्बा धुऊन कोरडा केला. ह्यांनी चार दिवसांची रजा टाकली. एक दिवस हे खाटेजवळ बसले, एक दिवस मी. आम्ही आळीपाळीनं उठायचो. तोवर काही झालं नाही.

पण मामाजी मला पाहून आता गोंधळायला लागले होते. मी समोर बसले की माझ्या चेहऱ्यावर नजर फिरवायचे, बाजारात नाणं खरं की खोटं पाहतात तशी. एकदा मी पाणी पाजायला गेले तर त्यांनी पेला धरला नाही.

"तू कोन व बाई?" त्यांनी विचारलं.

"रुखमा. तुमची सून."

"सून तं सकायीच सांगून गेली," ते म्हणाले. "म्हने, दुसरी एक येते, हुबेहुब माह्यासारकी. तिच्या हातचं काई घेऊ नोका. काई झालं तरी."

माझंच वाक्य होतं ते. मी काय करणार होते? मी शपथा घातल्या. फुटाण्याच्या पुड्या सांगितल्या, पोरींची नावं सांगितली, अनुसयाबाईच्या बैलांची नावं सांगितली. ते शांतपणे माझे ओठ वाचत होते. मग भल्या माणसासारखे म्हणाले, "तिलेही हे समदं मालूम हाय." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. परक्या बाईचा मान राखावा तसं.

माझ्या आयुष्यात त्याहून मोठं दुःख मला झालेलं नाही.

८

तिसऱ्या दिवशी हे रिक्षा बघायला स्टेशनकडे गेले. सकाळपासून मामाजींची नाडी फार उतरली होती, वर्ध्याला न्यायचंच ठरलं होतं. मी खाटेच्या कडेला बसले आणि त्यांचं मनगट धरून ठेवलं. त्यांनी ते ओढून घेतलं नाही, तेवढी ताकद उरली नव्हती. त्यांच्या अंगावर मी गोधडी नीट केली. पुढचं दार उघडं ठेवलं होतं, हे आले की वेळ जायला नको म्हणून. ऊन खोलीत आलं होतं आणि मला भीती अशी वाटत नव्हती. नुसती घाई होती, रिक्षा कधी येते याची.

दुपारचा भोंगा झाला.

मामाजींनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी म्हणाले, "आज गोयी नाई मामाजी. बंद केली."

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती, आणि मग ती सरकली. माझ्या खांद्यावरून मागे, जरा वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे आपण पाहतो तेवढी वर. तिथे ती थांबली. मी त्यांना ओठ वाचताना रोज पाहिलं होतं. बुबुळं बारीक हलतात, भुवई जरा वर जाते, मध्येच मान डोलते. ते तसंच वाचत होते. कोणीतरी बोलत होतं आणि मला ऐकू येण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"ती म्हनते, हाय," मामाजी मला म्हणाले. जरा रागावून, मी खोटं बोलल्यासारखं.

मी म्हटलं, नाही, मोठ्यानं म्हटलं, घर दणाणेल इतक्या मोठ्यानं म्हटलं. त्यांना ते कुठलं ऐकू यायला. माझ्या ओठांकडे ते पाहत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर जी माया आली होती ती माझ्यासाठीच होती, हे मला ठाऊक आहे.

माझ्या मानेजवळ राखेचा वास आला. मी मागे वळून पाहायला हवं होतं. मी वळले नाही. कानाजवळून काहीतरी पुढे गेलं, हिरवं, आणि मी डोळे खाली घातले.

मामाजींनी तोंड उघडलं, मिटलं. हनुवटीवरून पाण्याचे दोन थेंब गोधडीवर पडले. घोट गिळताना त्यांचा गळा हलला.

गल्लीत रिक्षाची घंटी वाजली, ह्यांनी बाहेरून मला हाक मारली. माझी बोटं मामाजींच्या मनगटावर होती. एक ठोका लागला, आणि मी पुढच्याची वाट पाहत बसले.